सोमनकाडूच्या गौरक्का

गौरक्कांच्या दुकानाच्या दाराबाहेर एक लांब खिळा ठोकलेला होता. तो गजऱ्यांसाठी. दुकानात जायचं तर केसातला गजरा काढून त्या खिळ्याला अडकवायचा, आत जाऊन कॉफी घ्यायची आणि जाताना गजरा परत माळायचा. सणावाराच्या संध्याकाळी तिथं इतके गजरे लोंबत असत की नवख्या माणसाला आत देऊळ आहे असं वाटावं. एकदा परगावचे एक आजोबा खरोखरच चपला काढून, हात जोडून आत शिरले होते. अक्कांनी त्यांना मुळीच हसण्यावारी नेलं नाही. "आलाच हाय तर बसा की, कॉफी घिऊन जावा," म्हणून त्यांना पाटावर बसवलं आणि कप हातात दिला.

"फुलाचा वास कॉफीत शिरतोय बाई," त्या मला सांगत. "कॉफी लई भोळी. शेजारी जे ठिवाल त्याचा वास घिऊन बसती."

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझ्या यजमानांची नोकरी बदलीची, आणि मी मिळेल त्या गावी मिळेल त्या शाळेत मराठी शिकवणारी. गौरक्कांचं घर आमच्या बरोब्बर समोर. पुढच्या खोलीत दुकान, मागं दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे यजमान शिवाप्पा. शिवाप्पा कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजून द्यायचे. माणूस अतिशय गरीब स्वभावाचा. त्यांना एकच व्यसन होतं, बिडीचं, आणि ते त्यांना बोळाच्या टोकाला जाऊन करावं लागे. परत आल्यावर राखेनं हात घासून, चूळ भरून मगच घरात. मी एकदा त्यांना विचारलं, "एवढं सगळं करण्यापेक्षा सोडूनच का देत नाही?" ते म्हणाले, "बाई, बिडी सोडीन. पण मग घराबाहेर जायला कारण काय उरलं?"

अक्का मूळच्या कर्नाटकातल्या डोंगरातल्या. त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव सोमनकाडू. काडू म्हणजे कानडीत रान. लहानशी उतरणीची शेतं, मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं, झाडांवर चढवलेले मिऱ्याचे वेल, मधूनच संत्री. हे सगळं मी त्यांच्या तोंडूनच ऐकलेलं. तिथून लग्न होऊन त्या आमच्या या उन्हानं भाजून निघणाऱ्या गावात आल्या, आणि इथं पाहतात तो काय, सगळं गाव चहा पितंय! कॉफी प्यायची ती आजारपणात नाहीतर मुलगी बघायला पाहुणे आल्यावर. तीही बाजारातून आणलेली, चिकोरी मिसळलेली. चिकोरीला अक्का तुच्छतेनं "मुळी" म्हणत. "मुळीचं पाणी पित्यात आणि कॉफी म्हंत्यात," हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकत असे.

मी स्वतः पक्की चहाबाज. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला कॉफीला बोलावलं. फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला काळा अर्क, त्यावर उकळतं दूध, बेताची साखर. कप हातात घेतला आणि मी, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे, अगदी कौतुकानं विचारलं, "जायफळ आहे का हो थोडं?"

अक्कांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. ओढून नाही, हळूच, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा. "बाई, पयल्यांदा नुसता वास घ्या. मग एक घोट घ्या. मग सांगा, ह्यात आणि काय घालायचं ऱ्हायलंय." मी घोट घेतला. मला काही कळलं नाही. कळल्याचा चेहरा मात्र केला. अक्का एवढंच म्हणाल्या, "न्हाई कळलं तुमाला. असू दे. उद्या परत या." अशी मी सबंध महिनाभर रोज गेले. मग एका सकाळी घोट गिळल्यावर घशात मागून काहीतरी गोड येतंय असं वाटलं. मी तसं म्हटलं मात्र, अक्कांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "ऐकलं का, बाई पास झाल्या!"

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्या कॉफी भाजायच्या. कोळशाच्या शेगडीवर एक लोखंडी पिंप आडवं टांगलेलं, त्याला दांडा. दांडा शिवाप्पांनी फिरवायचा आणि अक्कांनी डोळे मिटून कान लावून बसायचं. थोड्या वेळानं आतल्या बिया तडतडू लागत. "बोलायला लागल्या," असं अक्का म्हणत, आणि तिथून पुढं बोळातल्या कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. पलीकडच्या आळीत मागांचा खडखडाट दिवसभर चालू असायचा, त्याचं त्यांना काही नाही. पण भाजीवाल्यानं "मेथी घ्या" म्हटलं की त्या दारातून असा हात दाखवायच्या की तो बिचारा पुढचा चौक गाठेपर्यंत मुक्यानं गाडी ढकलत जाई.

दळायची ती गिऱ्हाईक समोर आल्यावरच, आणि आठ दिवसांपेक्षा जास्त पुरेल एवढी कुणालाही नाही. गावातल्या एका बड्या वकिलांच्या घरी लग्न होतं. त्यांचे कारकून आठ दिवस आधीच दोन किलो पूड मागायला आले.

"लग्न कवा हाय?" अक्का.

"पुढच्या गुरुवारी."

"मग बुधवारी या."

"अहो अक्का, लग्नाची गडबड. विसरलो म्हणजे?"

"विसरला तर चा पाजा. मेलेली कॉफी माझ्या नावावर नको."

कारकून तणतणत गेले. बुधवारी ते खरंच विसरले. तेव्हा दिवेलागणीला शिवाप्पा सायकलच्या दांडीला गरम पुडीची पिशवी अडकवून वकिलांच्या मांडवात हजर. लग्नातल्या जेवणाबद्दल कुणी काही बोललं की नाही ठाऊक नाही, कॉफीबद्दल मात्र महिनाभर बोलत होते.

असं हे सगळं बरं चाललेलं असताना मल्लण्णांचं पत्र आलं. मल्लण्णा म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ. त्यांनी आणि सोमनकाडूतल्या लहान शेतकऱ्यांनी मिळून एक सोसायटी काढली होती. कुणाचा एकर, कुणाचे दोन. तेव्हाचा कायदा असा होता की पिकलेली कॉफी सरकारी मंडळाकडं घालायची. तिथं साऱ्या मुलखाची कॉफी एकत्र व्हायची आणि एकत्रच विकली जायची. कायद्याच्या बारीक भानगडी मला तेव्हाही कळल्या नाहीत आणि आजही सांगता यायच्या नाहीत. पण पत्रातली मुख्य गोष्ट मला समजली. बऱ्याच खटपटीनं सोसायटीला त्या एका हंगामापुरती काही पोती आपल्या गावाच्या नावानं विकायची परवानगी मिळाली होती. ती विकली गेली तर पुढंही मिळण्याची आशा होती. पडून राहिली तर सोमनकाडूची कॉफी पुन्हा त्या मोठ्या ढिगात जाणार होती, आणि सोसायटीतले अर्धे लोक तर आत्ताच हात झटकायच्या बेतात होते.

पत्र कानडीत होतं. अक्कांनी ते मला मराठी करून वाचून दाखवलं. एका ओळीपाशी त्या थांबल्या. "मल्लण्णा लिवतोय, आमची कॉफी ढिगात पडली की ती कुणाचीच ऱ्हात न्हाई. आमच्या पोरांना आमी काय पिकवतो ते सांगायला तोंड न्हाई." त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, "पोती हितं मागवते मी. सोलापुरात इकीन."

मी म्हटलं, "अक्का, या चहावाल्या गावात?"

"मग कुटं इकू? जितं कॉफीच पित्यात तितं कुणी बी इकंल."

पोती आली. अक्कांनी ती भिंतीला लागू न देता लाकडी फळ्यांवर रचली, मिरच्या-मसाले मागच्या खोलीतून थेट शेजारणीकडं हलवले आणि जिद्दीनं विकायला बसल्या. पण बोळातलं दुकान ते केवढं! दोन महिने झाले तरी रास तशीच. पावसाळा तोंडावर आला होता. ओल लागली की कॉफी गेली. त्या दिवसांत पहिल्यांदाच अक्का जेवताना गप्प असतात असं शिवाप्पांनी मला बोळाच्या टोकाला बिडी ओढता ओढता सांगितलं.

आता एकच मोठं गिऱ्हाईक होतं. नवी पेठेच्या बाजूला एक ग्राहक सहकारी भांडार होतं. धान्यापासून साबणापर्यंत सगळं तिथं मिळे, आणि गिरणी कामगारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे तिथं जात. भांडारानं ही कॉफी ठेवायला घेतली तर पोती महिन्याभरात हलली असती. अक्का चार वेळा जाऊन आल्या. शेवटी भांडाराचे अध्यक्ष बापूसाहेब दोन संचालकांना घेऊन घरी चव बघायला येतो म्हणाले. बापूसाहेब मंगळवेढ्याकडचे मोठे शेतकरी. धोतर, पांढरी मिशी, आवाज शेतातून हाक मारल्यासारखा. आणि माझ्याहून पक्के चहाबाज, ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती.

पाहुणे येणार म्हणून अक्का सकाळपासून फिल्टरपाशी. दुधाचं काम माझ्याकडं. डेअरीची बाटली त्या काळी सकाळीच मिळायची, ती एकदा संपली की संपली. मी दूध तापत ठेवलं, आणि मग मी जे केलं ते आज कबूल करते. मी घरून आणलेलं जायफळ सहाणेवर उगाळलं आणि दुधात घातलं. पुढं कितीतरी वर्षं मी हे सवयीनं, नकळत झालं असं सांगत आले. ते खोटं आहे. मला चांगलं कळत होतं. मला वाटलं, या चहा पिणाऱ्या माणसांना अक्कांची नुसती कॉफी काय डोंबल कळणार? मला कळायला महिना लागला, यांच्यापाशी तर एक दुपार आहे. जायफळाचा ओळखीचा वास आला की खूश होतील, हो म्हणतील, पोती जातील. अक्कांच्या हट्टापायी अक्का बुडू नयेत, एवढाच माझा हेतू. आणि शिवाय पाहुण्यांना जायफळाशिवाय कॉफी देणं म्हणजे कोथिंबिरीशिवाय पोहे देणं, हे हाडीमाशी खिळलेलं होतंच.

पाहुणे बसले. मी दुधाचं पातेलं घेऊन माजघरातून आले. अक्का खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी नुसती मान वर केली. नाकपुड्या हलल्या. माझ्याकडं पाहिलं.

दूध नासलं म्हणून सांगता आलं असतं. बाईंनी घोटाळा केला म्हणूनही सांगता आलं असतं. अक्का उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बापूसाहेब, दुधात आमच्या हातनं चूक झाली. त्यात जायफळ पडलंय. ह्या दुधाची कॉफी मी तुमाला देणार न्हाई."

"मग दुसरं दूध?" एका संचालकांनी विचारलं.

"दुसरं न्हाई. कोरी देते."

"कोरी?" ते संचालक दुसऱ्याकडं बघून म्हणाले, "आपण काय दहाव्याला आलोय काय?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शिवाप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते, तेही खाली बघायला लागले. पण अक्कांना जणू काही ऐकूच आलं नाही. त्यांनी प्रत्येकापुढं तीन तीन वाट्या मांडल्या. एकीत बाजारातल्या चिकोरीच्या पुडीची, दुसरीत ढिगातल्या मिसळ कॉफीची आणि तिसरीत सोमनकाडूची. शेजारी एका ताटलीत भाजलेल्या बिया ठेवल्या. आणि मग कॉफीचं नावही न काढता त्यांनी भलतंच विचारलं.

"बापूसाहेब, घरी खायला जोंधळा घेता तवा कसा घेता?"

बापूसाहेब चमकले. "कसा म्हंजे? शिवार इचारून. दाणा चावून. आमचा शाळू मी अंधारात चावून वळकतो."

"मग ह्येचं बी शिवार इचारा की!"

बापूसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. पुढं झुकून ताटलीतली एक बी उचलली, शाळूचा दाणा चावावा तशी दाढेखाली धरली आणि कडकन फोडली. चघळत राहिले. मग पहिली वाटी ओठाला लावून बाजूला ठेवली. दुसरी घेतली, तीही ठेवली. तिसरीचा एक घोट घेतला, डोळे बारीक केले, आणि दुसरा घेतला. आम्ही सगळे त्यांच्या घशाकडं बघत होतो.

"ह्याला मागनं गोड येतंय," ते म्हणाले.

मी शपथेवर सांगते, मला रडू आलं. मला महिना लागला होता ते त्या शेतकऱ्यानं दोन घोटांत ओळखलं होतं, आणि मी त्याला जायफळानं फसवायला निघाले होते.

"कुठलं शिवार?" बापूसाहेबांनी विचारलं.

मग अक्का बोलल्या. उतरणीची जमीन, सावलीची झाडं, लाल झालेलं फळ तेवढंच वेचायचं, हिरव्याला हात लावायचा नाही, अंगणात वाळत घातलेली कॉफी पावसाची चाहूल लागताच सगळ्या गावानं धावत जाऊन झाकायची, आपली आधी आणि शेजाऱ्याची नंतर असं न करता. मराठी संपलं की कानडी येत होतं, कानडी संपलं की हात. बापूसाहेब मध्येच म्हणाले, "आन् ही एवढी सांभाळलेली कॉफी ढिगात घालायची? म्हंजे आमच्या शाळूत हायब्रीड मिसळल्यागत झालं की!"

"व्हय!" अक्का जवळजवळ ओरडल्याच. "तेच की हो, बापूसाहेब! हायब्रीड!"

दहाव्याची आठवण काढणाऱ्या संचालकांनी तोवर आपली तिसरी वाटी मुकाट्यानं संपवली होती. पोती घ्यायचं ठरलं. भाजून, दळून द्यायची ती अक्कांनीच, आणि एका वेळी आठ दिवसांपुरतीच. फक्त ते संचालक म्हणाले की पुडीवर भांडाराचं नाव छापू, लोकांचा त्यावर विश्वास आहे, ही सोमनकाडू बिमनकाडू इथं कुणाला माहीत?

माझ्या मनात आलं, अक्का, आता तरी ताणू नका. अक्का म्हणाल्या, "बेडा. नको. नाव सोमनकाडू. नायतर पोती हितंच ऱ्हाऊ द्या."

"अगं, जरा इचार कर," शिवाप्पा चौकटीतून पुटपुटले.

"इचार करूनच बोलते. नावासाठीच तर पोती आली. मंगळवेढा तरी दूरच्या लोकांना कुठं ठावं हुतं, बापूसाहेब? तुमच्या शाळवानं ठावं केलं."

बापूसाहेब खदखदून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि ठसका जाण्यासाठी त्यांनी मागितली ती कॉफीच. "छापा रं सोमनकाडू," ते संचालकांना म्हणाले. "मोठ्या अक्षरात छापा. भांडाराचं नाव खाली बारीक."

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी वाट्या विसळत बसलो. अक्काच म्हणाल्या, "बाई, भ्या वाटलं हुतं का तुमाला?"

"हो."

"मला बी," त्या म्हणाल्या, आणि जायफळाच्या दुधाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. "ह्ये घरी न्या. साखर घालून प्या. चांगलं दूध वाया का घालवायचं?" त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही, आणि मीही, कुणाला शब्द न देता, आयुष्यभर कॉफीत जायफळ घातलं नाही.

पावसाळ्याआधी शेवटचं पोतंसुद्धा संपलं. पुढच्या हंगामाचीही परवानगी आली, आणि सोमनकाडूत सोसायटीतून अंग काढू पाहणारे लोक परत येऊन बसले, असं मल्लण्णांनी लिहिलं. ते पत्र अक्कांनी बोळातल्या प्रत्येक घरी जाऊन वाचून दाखवलं, कानडी न कळणाऱ्यांच्या घरी दोनदा.

त्या नव्या हंगामाची पोती आली त्याच सुमारास आमची बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी अक्कांचा निरोप घ्यायला गेले तर दुकानाला कुलूप. शिवाप्पाही नाहीत. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. सामान टांग्यात चढवलं आणि आम्ही स्टेशनकडं निघालो. नवी पेठेत गर्दीमुळं टांगा भांडारासमोरच अडकला. नवा माल आला होता आणि दाराबाहेरपर्यंत रांग लागली होती. रात्रपाळीहून सुटलेले गिरणी कामगार, पिशव्या घेतलेल्या बायका. रांगेच्या मधोमध गौरक्का उभ्या होत्या. पहाटे स्वतः भाजून, दळून पाठवलेली कॉफी विकत घ्यायला.

आतला माणूस त्यांना ओळखून म्हणत होता, "अक्का, तुम्ही कशाला रांगेत? तुमच्या घरी पिंपभर आहे की!"

"गप की," अक्का म्हणाल्या. "तू ह्येंना इचार, काय पायजे त्ये."

पुढच्या कामगारानं पैसे ठेवले आणि म्हणाला, "सोमनकाडू, पावशेर." त्याच्या मागच्या बाईनंही तेच मागितलं. अक्का मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांचा नंबर आला. त्यांनी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या गावाचं नाव घेतलं, पुडी घेतली, पिशवीत टाकली. मी टांग्यातून हाक मारणार तेवढ्यात त्या वळसा घालून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.